गॅरेजकाकांना विचारा: थर्माकोल विरघळला, आता स्पॉयलर कसा करू?

प्रश्न : काका नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीला असतो. जुन्या माझदा एमएक्स-५ चं इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन घेऊन गेली दोन वर्षं त्यावर फायबर बॉडीची किट कार बांधतोय. गाडी होत आलीये पण मागून अगदी बोडकी दिसते, म्हणून लॅम्बोर्गिनी काउन्टॅशला असतो तसा मोठा विंग घरीच करायला घेतला. थर्माकोल कापून आकार दिला, वरून फायबरचं रेझिन लावलं तर बघता बघता थर्माकोल आत बसला, नुसते खड्डे! काय चुकलं? आणि डिकीच्या झाकणाला चार बोल्ट मारून विंग बसवला तर चालेल ना? आयव्हीए टेस्ट (किट कार रस्त्यावर आणण्याआधीची इथली सरकारी तपासणी) फेब्रुवारीत आहे.

उत्तर : अरे, गणपतीचं मखर डोक्यातून जात नाही ना आपल्या! काहीही आकार करायचा म्हटलं की हात थर्माकोलकडेच जातो, मीही हेच करून बसलोय. तू वापरलंस ते पॉलिएस्टर रेझिन, त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. घराच्या भिंतीत थंडीसाठी घालतात ते पिवळट पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड मिळतात बघ, ते वापर, त्याला काही होत नाही. थर्माकोलच वापरायचा हट्ट असेल तर इपॉक्सी रेझिन घे, पण ते महाग पडतं.

आता मोठ्या विंगबद्दल सांगतो, राग मानू नकोस. काउन्टॅशचा तो विंग दिसायला जबरदस्त, पण त्याने गाडीचा टॉप स्पीड उलट कमी व्हायचा, लोक घ्यायचे ते दिसण्यासाठी. समज तुझा विंग १.२ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे आणि अगदी चांगला जमलाय, तरी ताशी ३० मैलांना तो जेमतेम अडीच किलो दाबेल, मोटरवेवर ७० ला साधारण १४ किलो आणि १०० ला २९ च्या आसपास, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आणि हा दाब मागच्या चाकांच्याही मागे पडतो, म्हणजे सी-सॉसारखं पुढचं टोक थोडं हलकंच होणार. तुझी गाडी आधीच वजनाला कमी, त्यात हे कशाला? मी म्हणेन, १९७२ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएसला होती तशी बुटकी, बदकाच्या शेपटीसारखी वर वळलेली पट्टी कर. वेग वाढला की हवा गाडीचा मागचा भाग उचलायला बघते, ते कमी करायला ती होती, आणि घरी करायलाही हीच सोपी.

एकच नग करायचाय तर मास्टर म्हणजे मूळ नमुना, मग त्याचा साचा, मग त्यातून नग, एवढ्या भानगडीत पडू नकोस, डिकीचं झाकणच साचा समज. त्यावर रुंद पॅकिंग टेप सुरकुती न पडू देता लाव, वरून मेण चोळ, आणि ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) काचतंतूंच्या मॅटचे दोन थर रेझिनने बसव. ते वाळलं की झाकणाशी तंतोतंत जुळणारा तळ मिळतो, हीच खरी मेख आहे, कारण नंतर घासून घासून फट बुजवत बसणं म्हणजे डोकेदुखी. मग त्या तळावर फोम चिकटव, गाडीवरच ठेवून कानशीने आणि पॉलिश पेपरने आकार दे, दहा पावलं मागे जाऊन बघ, परत घास, आणि मनासारखं झालं की वरून मॅटचे दोन थर. मॅटच्या वजनाच्या दोन-अडीच पट रेझिन लागतं. सगळं मिळून दोन-अडीच किलोचा नग होईल, तेवढ्याने झाकण उचलून धरणारे गॅस स्ट्रट दमतात का तेही बघून घे, माझं झाकण एकदा डोक्यात बसलंय.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं द्रव, साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम. तुमच्याकडे जानेवारीत गॅरेज गारठलेलं असणार, १५ अंशांच्या खाली रेझिन नीट वाळत नाही, चिकट राहतं, आणि लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलास तर तडे जातात, त्यापेक्षा आधी खोली गरम कर. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा गॉगल हवाच, आणि मास्क वासाच्या गॅससाठीचा घे, धुळीचा कापडी नाही.

आता तुझे चार बोल्ट. माझ्या पहिल्या किट कारला मीही असेच मारले होते, साधे वॉशर लावून. महिन्याभरात प्रत्येक भोकाभोवती जेलकोटला (फायबरवरचा वरचा चकचकीत थर) कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा! फायबरचं झाकण पातळ असतं, एका बिंदूवर जोर आला की ते तडकतं, जोर पसरवायला हवा. झाकणाच्या आतून प्रत्येक बोल्टखाली ३ मिमी जाड ॲल्युमिनियमची साधारण ७५ मिमी चौरस प्लेट रेझिनने बसव, आणि स्पॉयलरच्या तळात फोम चिकटवायच्या आधीच रुंद डोक्याचे एम-६ (६ मिमी जाड) आटे असलेले स्टड मॅटखाली गाडून घे म्हणजे वरून बोल्ट दिसणारच नाहीत. मध्ये पीयू ॲडेसिव्हची (पॉलियुरेथेन गोंद) धार आणि खालून नायलॉक नट, म्हणजे आपोआप न सुटणारा नट, पाना लावून जीव काढायचा नाही. भोकं पाडताना वर मास्किंग टेप लाव आणि जेलकोट संपेपर्यंत ड्रिल उलटं फिरव, टवका उडत नाही. १९६९ च्या फॉर्म्युला वनच्या स्पॅनिश ग्रां प्रीत बार्सेलोनाच्या माँजुईकला लोटस संघाच्या दोन्ही गाड्यांचे उंच विंग भर वेगात मोडून पडले होते, त्यानंतर लगेच मोनॅकोच्या शर्यतीत उंच विंगवर बंदी आली. तेव्हा आधाराचं काम आधी, रंग नंतर.

राहिली टेस्ट. १०० मिमीचा गोळा जिथे टेकू शकतो तिथल्या बाहेरच्या कडेला किमान २.५ मिमी त्रिज्येची गोलाई लागते. म्हणजे पट्टीची मागची कड ५ मिमीपेक्षा बारीक करून चालणारच नाही, सुरीसारखी ठेवलीस तर फेल. मधला वरचा ब्रेक लाइट झाकला जात नाही ना ते बघ आणि इन्शुरन्सवाल्यांना स्पॉयलरचं आधीच कळव.

प्रश्न : मुलगा आमच्या हॅचबॅकला बाजारात मिळतो तो मोठा विंग बसवायचा हट्ट धरून बसलाय. बसवू देऊ का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ताई, नको. तुमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असणार, मागे दाब देऊन तिला काय मिळणार, आणि वरच्या हिशोबातला अडीच किलोचा आकडा बघा, तो ३० मैलांचा म्हणजे आपल्या पन्नासच्या स्पीडचा आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, ट्रॅफिकवाल्यांशी कोण वाद घालत बसणार. फारच मागे लागला तर कंपनीच्याच ॲक्सेसरीमधली छोटी पट्टी घ्या. ती डबल टेपची असली तर चिकटवायच्या आधी पत्रा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसायला सांगा आणि एक दिवस गाडी धुऊ नका.