अर्धशिशी की अ‍ॅन्युरिझम, कसं ओळखायचं?

बहिणीचं अर्धं डोकं कित्येक वर्षं महिन्यातून दोनदा ठणकतं, उलटी होते, उजेड सहन होत नाही. हा अ‍ॅन्युरिझम तर नसेल, असं तुम्ही विचारलंय. वर्णन सरळसरळ अर्धशिशीचं, म्हणजे मायग्रेनचं आहे. अ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीला जिथे फाटा फुटतो तिथे कमकुवत भिंतीला आलेला फुगा. शंभरातल्या तीनेक प्रौढांच्या मेंदूत तो असतो आणि फुटेपर्यंत सहसा दुखतच नाही. त्यामुळे जुन्या डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडू नका.

फुटल्यावरचं दुखणं ओळखायचं ते वेगावरून. मायग्रेन हळूहळू चढतो आणि औषध न घेतल्यास 4 ते 72 तास राहतो. फुगा फुटला तर दुखणं मिनिटाभरात कळसाला पोचतं. म्हणून ‘किती दुखतंय?’ यापेक्षा ‘एवढं वाढायला किती वेळ लागला?’ हे विचारा. सोबत मान आखडणं, झटका (फिट) येणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही असेल किंवा नसेलही. नुसतं असं अचानक दुखणंही पुरेसं कारण आहे. लगेच 108 ला फोन करा. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. खायला-प्यायलाही काही नको. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा.

दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, तपासणी तिच्यावर ठरते. पहिल्या 6 तासांतला साधा सीटी स्कॅन रक्तस्राव सहसा चुकवत नाही. उशीर झाला तर स्कॅन स्वच्छ आला तरी पाठीच्या मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागू शकतं. गोळीने बरं वाटलं म्हणून घरी थांबणं ही नेहमीची चूक, कारण हे दुखणंही गोळीने तात्पुरतं उतरू शकतं.

आणखी एक खूण: एका डोळ्याची पापणी अचानक खाली येते, बाहुली मोठी होते, एकाचे दोन दिसतात. फुगा न फुटताही डोळ्याच्या नसेवर दाबत असू शकतो, म्हणून त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मायग्रेनमधल्या नागमोडी चमकत्या रेषा वेगळ्या. त्या हळूहळू पसरतात आणि बहुधा तासाभरात विरतात.

घरात दोन सख्ख्या नातेवाइकांना अ‍ॅन्युरिझम झाला असेल किंवा बहिणीला पॉलिसिस्टिक किडनी (मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असेल, तर एमआर अँजिओग्राफीबद्दल (मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय) न्यूरोलॉजिस्टना जरूर विचारा. एरवी, डोकेदुखीची तऱ्हा बदललेली नसेल तर मी तरी केवळ धास्तीपोटी स्कॅन सुचवणार नाही.