डिस्लेक्सिया असलेल्या मुलाचा आत्मविश्वास कसा वाढवावा?

आपला मुलगा चौथीत, मराठी माध्यमात शिकतो, तपासणीत त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकणे जड जाणारी अडचण, असल्याचे नुकतेच निष्पन्न झाले आणि आता तो ‘मी ढ आहे’ असे म्हणून पुस्तक उघडायलाच नकार देतो. अशा मुलाचे सतत कौतुक केल्याने त्याचा आत्मविश्वास वाढेल का, असे आपण विचारले आहे. विशेष शिक्षिका म्हणून अशा मुलांना शिकवत आले आहे, त्या अनुभवावरून सांगते की नुसत्या कौतुकाने हे साधत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलीचा धडा वाचून संपतो तेव्हा आपण अजून दुसऱ्या ओळीवरच असतो, हे आपल्या मुलाने रोज पाहिलेले आहे. ‘तू खूप हुशार आहेस’ हे वाक्य त्याला या अनुभवाशी जुळवता येत नाही, आणि मग ते बोलणाऱ्यावरचा त्याचा विश्वासही कमी होतो.

‘मी ढ आहे’ हा त्याने स्वतः काढलेला निष्कर्ष आहे. इतरांना जमते ते आपल्याला का जमत नाही, याचे दुसरे कारण कोणी सांगितले नाही तर मुलापाशी एवढेच कारण उरते. म्हणून सर्वांत आधी त्याला खरे कारण सांगा, आणि तेही डिस्लेक्सिया हा शब्द न लपवता. सराव झालेला वाचक शब्द पाहताक्षणी ओळखतो, जसा आपण ओळखीचा चेहरा ओळखतो. डिस्लेक्सियात मात्र अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची जोडी मेंदूत सहज पक्की होत नाही, त्यामुळे प्रत्येक शब्द नव्याने उलगडावा लागतो आणि त्यात मूल थकते. याचा बुद्धीशी संबंध नाही. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार मात्र ‘क’च्या नंतर होतो, ‘सूर्य’मधला र हा य च्या डोक्यावर जाऊन बसतो, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांत थोडाच फरक असतो. त्याची वही समोर ठेवून हे दाखवलेत, तर आपल्या चुकांना काही रीत आहे हे त्याला कळेल. स्वतःच्या चुकांचे कारण समजले की मुलाच्या मनावरचा ताण बराच हलका होतो, असे मी वारंवार पाहिले आहे.

डिस्लेक्सिया बहुधा घराण्यात चालत येतो. वडील, मामा, आत्या यांच्यापैकी कोणाला लहानपणी वाचन जड गेले असेल, तर त्यांनी स्वतः त्याच्याशी बोलावे. आइनस्टाईनलाही डिस्लेक्सिया होता, असे मुलांना सांगण्याची पद्धत आहे. तिला विश्वासार्ह आधार नाही, शिवाय मोठेपणी असामान्य झालो तरच आपण ठीक, असा नवा भार त्या गोष्टीने मुलावर पडतो. नोकरी-व्यवसाय नीट सांभाळणारा आणि आजही अर्ज भरताना दोनदा वाचणारा मामा त्याला कितीतरी अधिक उपयोगी पडेल.

खरा आत्मविश्वास मात्र प्रत्यक्ष प्रगतीतूनच येतो, म्हणून रेमेडियल शिक्षण, म्हणजे अशा मुलांसाठीचे विशेष पद्धतीचे शिकवणे, थांबवू नका. अक्षर-ध्वनींची जोडी, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरे, असे पायरीपायरीने आणि भरपूर उजळणी करत शिकवले तर ही मुले वाचायला शिकतात. वेग कमी राहू शकतो. घरी रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. एक वाक्य आपण वाचावे, एक त्याने, आणि तो अडखळला तर चार-पाच सेकंद थांबून शब्द सरळ सांगून टाकावा. आज एक उतारा वाचताना त्याचा आवाज मोबाइलवर मुद्रित करा आणि तीन महिन्यांनी तोच उतारा पुन्हा वाचून घेऊन दोन्ही मुद्रणे त्याला ऐकवा. त्याची तुलना फक्त त्याच्या स्वतःशीच व्हावी. कौतुकही नेमके असू द्या: ‘‘‘प्रकाश’ शब्दावर थांबलास, तोडून पाहिलास आणि बरोबर वाचलास.’’ कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर खचली, तर प्रयत्नांची स्तुती झालेली मुले टिकून राहिली.

याच्या जोडीला त्याला गोष्टी भरपूर ऐकवा. वाचन कमी झाले की शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञानही मागे पडत जाते. ऐकण्यातून ही तूट बरीच भरून निघते आणि वर्गातल्या चर्चेत त्याच्याजवळ बोलण्यासारखे काही असते. चित्रकला, तबला किंवा क्रिकेट यांपैकी त्याला जे आवडते ते ‘आधी शुद्धलेखन, मग खेळ’ अशी अट घालून काढून घेऊ नका.

शाळेशी बोलताना संकोच करू नका. अचानक उभे करून प्रकट वाचन करायला लावू नये, उतारा आदल्या दिवशी सांगावा, परिसर अभ्यासाची काही उत्तरे तोंडी घ्यावीत आणि शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण आशयाच्या गुणांतून कापू नयेत, एवढे आपण निश्चितच मागू शकता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो, आणि राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ही मेहेरबानी नव्हे, हे त्याला आतापासूनच ठाऊक असावे, नाहीतर पुढे मोठी मुले लाजेपोटी सवलत नाकारतात.

शेवटी तपासणीच्या अहवालाविषयी. बुद्धिमापनाच्या भागात तोंडी तर्क, चित्रांवरून विचार करणे अशा उपचाचण्यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. त्यांतले चांगले गुण कोणते आणि त्यांचा अर्थ काय, हे मानसशास्त्रज्ञांनी मुलाला समोर बसवून समजावून सांगावे, अशी विनंती त्यांना या आठवड्यातच करा.