कानबाईच्या जागरणाला कोणती लेन्स?

प्रश्न : श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. रविवारी रात्री जागरणाचे फोटो मीच काढते, पण फुगड्यांचे सगळे फोटो हलतात. फ्लॅश मारला की सासूबाई रागावतात. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट. ५० मिमी एफ/१.८ घेऊ का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, फ्लॅशच्या बाबतीत मी सासूबाईंच्या बाजूने! समईच्या उजेडातली कानबाई फ्लॅशने पांढरीफटक पडते, नुसती नथ चमकते. लेन्स जरूर घ्या, पण ३५ मिमी एफ/१.८. स्वस्त म्हणून दुकानदार ५० सगळ्यांच्याच गळ्यात मारतात. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून त्यावर ती ७५-८० मिमीसारखी वागते, दृश्य अरुंद करते. सात फुटांवरून जेमतेम तीन-सव्वातीन फूट रुंदी मावते. धाब्याच्या घरात आणखी मागे सरकायला गेलात तर पाठ भिंतीला लागते. ३५ मध्ये साधारण साडेचार फूट येतं, म्हणजे फुगडीतल्या दोघींचे चेहरे आणि गुंफलेले हात तरी सुटत नाहीत.

आता हलण्याचं. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं. किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर येते. १.८ ला त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे शटर १/२० सेकंदावर अडकायचं तिथे त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) १/२०० मिळतं, आणि फुगडीला निदान तेवढं हवंच. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, गरगर फिरणाऱ्या बायकांना थांबवत नाही.

मात्र १.८ वरच अडून बसू नका. सात फुटांवर तिथे फोकस जेमतेम वीतभर जागेत राहतो. दोन ओळींत बसून गाणी म्हणणाऱ्या बायकांत मागची ओळ पुसट होईल, आणि मागे बसलेल्या आत्याबाई वर्षभर ऐकवतील. तिथे २.८ किंवा ४ करा, आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त चढवा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत. फोकसचा एकच ठिपका ठेवून जवळच्या डोळ्यावर धरा.

एलईडीच्या माळांमुळे फोटोत पट्टे आले तर शटर १/१०० वर आणा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फुगडी थोडी हलेल, पण पट्टे जातील.

सोमवारी विसर्जनाला किटच लावा. उजेड भरपूर असतो, आणि डोक्यावरची कानबाई नि मागची मिरवणूक अरुंद गल्लीत एकत्र घ्यायला १८ मिमीच लागतं.