अरबी-फारसी एका दमात म्हणतो खरं, पण...

तुमचा प्रश्न असा: दोन्ही भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, अक्षरंही सारखीच, मग फरक हिंदी-मराठीइतकाच असेल ना? आणि जुने कागद वाचायचे तर आधी कुठली शिकावी?

फरक हिंदी-मराठीइतका नाही, तमिळ-मराठीसारखा धरा. अरबी सेमिटिक कुळातली, हिब्रूच्या नात्यातली. फारसी आपल्याच कुळातली, संस्कृतची चुलत बहीण. पटत नसेल तर आकडे मोजा. फारसीत यक, दो, से, चहार, पंज, शश, हफ्त, हश्त, नोह, दह. अरबीत वाहिद, इथ्नान, थलाथा, अर्बआ, खम्सा. फारसीचे ऐकून आपली पोरंसुद्धा अर्धे ओळखतील. आपला ‘हप्ता’ त्या ‘हफ्त’मधूनच आला.

लिपीनं मात्र सगळ्यांनाच फसवलंय. सातव्या शतकात इराण अरबांच्या ताब्यात गेला आणि पुढे फारसीनं अरबी अक्षरं उचलली. पण प, च, ग आणि एक वेगळा झ यांना त्यात अक्षरंच नव्हती. चार नवी घडवली आणि 28 ची 32 झाली. मस्कतला नोकरीला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात पेप्सीच्या फ्रिजवरची अक्षरं जुळवत बसलो होतो, आणि वाचलं ‘बेबसी’. हिंदी गाण्यातली नव्हे. प नाही म्हणून ब, एवढंच. गंमत म्हणजे फारसीचं स्वतःचं नावही असंच बदललंय. मूळ शब्द ‘पार्सी’. अरबांनी प चा फ केला आणि इराण्यांनी तोच चालू ठेवला. मराठीत दोन्ही रूपं नांदतात: माणूस पारशी, भाषा फारसी.

खरा फरक शब्द घडवण्यात आहे. अरबी तीन व्यंजनांचा सांगाडा घेते आणि आत स्वर बदलत जाते. ह-क-म घ्या: हुकूम, हकीम, हुकमत हे सगळे एकाच घरचे. अनेकवचनही आतून मोडतं. किताबचं कुतुब, अमीरचं उमरा. म्हणजे आपला एकटादुकटा ‘उमराव’ मुळात अनेकवचनी आहे! शिवाय अरबीत द्विवचन आहे, आणि ‘तू’सुद्धा पुरुषाला वेगळा, बाईला वेगळा.

फारसीत यातलं काही नाही. लिंगभेदच नाही, तो आणि ती, दोघांनाही ‘ऊ’. ‘मन किताब मीखानम’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतो’, शब्दांचा क्रम अगदी आपलाच, आणि वाचतो की वाचते हे फारसी विचारतच नाही. शब्दही ती आपल्यासारखेच जोडून करते. ‘बेजबाबदार’ उकलून बघा: ‘बे’ फारसी, ‘जवाब’ अरबी, ‘दार’ फारसी. शिलेदारातलं ‘सिलाह’ म्हणजे हत्यार अरबी, शेपूट फारसी. किल्लेदार, इनामदार, हवालदार, सगळी तीच कथा. क्रियापदांचंही तसंच. अरबी ‘कबूल’ला फारसीनं ‘कर्दन’ जोडलं, आपण ‘करणे’ जोडतो.

मराठीतले अरबी शब्द बहुतेक फारसीच्या तोंडून आलेत, हे नीट लक्षात घ्या. त्याच्या खुणाही उरल्यात. अरबीत ‘मीराथ’ आणि ‘वारिथ’ आहेत. त्यातला थ जीभ दातांत धरून, इंग्रजी ‘थिंक’सारखा. इराण्यांना तो जमेना, त्यांनी स केला. म्हणून आपल्याकडे मिरास, मिरासदार, वारस. रमदानचं रमजान झालं तेही तसंच. अरब ‘कीमा’ आणि ‘हिम्मा’ म्हणून थांबतो, शेवटचा त एरवी गिळतो. फारसीनं तो ठसठशीत उच्चारला, म्हणून आपली किंमत आणि हिंमत. अर्थ मात्र वाटेत हलले. मस्कतमध्ये एकाला मी ‘गरीब’ म्हणालो, तो चमकलाच. अरबीत गरीब म्हणजे परका, विचित्र. निर्धन म्हणायचं तर ‘फकीर’.

तेव्हा कागदांसाठी डोळे मिटून फारसी शिका. कामापुरते अरबी शब्द तिच्याबरोबर आपसूक येतात. कुराण वाचायचंय किंवा आखातात नोकरी करायचीय, तर गोष्ट वेगळी. तिथे फारसीचा उपयोग फार नाही, आणि बाजारातली अरबी पुस्तकी अरबीहून बरीच निराळी असते, हेही धरून चला.

फक्त छापील फारसी येऊ लागली म्हणून लगेच दप्तराचं बाड सोडू नका. बरेच कागद शिकस्ता वळणाचे असतात, भराभर लिहिलेले, नुक्ते म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके गाळलेले. शब्दाच्या सुरुवातीला प, ब, त आणि न यांच्यात फरक असतो तो फक्त नुक्त्यांचा. माझा पहिला कागद चार ओळींचा होता, त्याला तीन रविवार लागले.