कच्च्या तेलाच्या पाइपलाइनमध्ये मेण कुठे साचलंय हे नुसत्या तापमानावरून मॉडेल करून कळेल का?

कळतं, पण नुसतं आउटलेटचं (तेल बाहेर पडतं त्या टोकाचं) तापमान बघून बसलात तर फसाल. मेण हे भारी इन्सुलेटर आहे, १० मिमी जाड स्टीलच्या भिंतीपेक्षा ५ मिमी मेणाचा थर उष्णतेला साधारण दीडशेपट जास्त अडवतो, म्हणजे मेण साचलं की तेल कमी थंड होतं आणि त्या जागी बाहेरची भिंत मात्र जरा गार लागते, लोकांना नेमकं उलटं वाटतं.

आधी स्वच्छ पाइपचं मॉडेल बनवा, लांबीनुसार तापमान एक्स्पोनेन्शियली (आधी झपाट्याने, मग हळूहळू) बाहेरच्या तापमानाकडे उतरतं, त्यातून यू व्हॅल्यू (पाइपमधून उष्णता किती सहज बाहेर जाते त्याचा आकडा) काढा आणि रोज तीच परत काढत राहा. फ्लो तोच असताना यू घसरायला लागला की थर वाढतोय समजा. पाइपवर आधीच जाड इन्सुलेशन असेल तर मात्र हा फरक त्यातच बुडून जातो, तिथे बाहेरून थोडा वेळ हीटर लावून भिंत किती वेगात थंड होते ते बघणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण आत मेण असेल तर उष्णता तेलात लवकर जात नाही आणि भिंत बराच वेळ गरम राहते.

आणि प्लीज प्रेशर ड्रॉप (लाइनच्या दोन टोकांमधल्या दाबाचा फरक) सोबत घ्याच! टर्ब्युलंट (खळबळत्या) फ्लोमध्ये आतला व्यास १०% कमी झाला तरी तेवढ्याच फ्लोला प्रेशर ड्रॉप जवळपास ७०% वाढतो. फक्त तो पूर्ण लाइनचा आकडा असतो, जागा लाइनवर ठिकठिकाणी मोजलेलं तापमानच दाखवतं.