पेनांगच्या धक्क्यावर आठ तास

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त शिक्षक आहोत. सिंगापूरहून निघणाऱ्या क्रूझवर आम्ही जाणार असून जहाज पोर्ट क्लांग, पेनांग आणि फुकेत येथे थांबेल. पेनांगला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ एवढा वेळ आहे. जहाजाने आयोजित केलेली किनाऱ्यावरची सहल घ्यावी की स्वतः फिरावे? पत्नीला गुडघेदुखीचा त्रास आहे आणि आम्ही शाकाहारी आहोत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पेनांगला आपण स्वतःच फिरावे, असे मी आग्रहाने सांगेन. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर चाळीसेक किलोमीटर दूर आहे; तिथे जहाजाची सहल घेणे शहाणपणाचे, कारण वाहतुकीत बस अडकली तर साधारणतः जहाज आपल्याच सहलीच्या प्रवाशांसाठी थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी थांबत नाही. पेनांगची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथला स्वेटनहॅम धक्का जॉर्ज टाउन या पेनांगच्या मुख्य शहराच्या अगदी कुशीत आहे आणि बाहेर पडल्यावर काही मिनिटांतच फोर्ट कॉर्नवॉलिसची तटबंदी दिसू लागते.

युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या या शहराचे मर्म मला एकाच रस्त्याच्या आसपास सापडले. सेंट जॉर्ज चर्च, करुणादेवीचे चिनी मंदिर, क्वीन स्ट्रीटवरचे श्री महामारिअम्मन मंदिर आणि कपितान केलिंग मशीद एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की सावकाश चालणाऱ्यालाही ती सकाळच्या वेळात निवांत पाहता येतात. मंदिराच्या गोपुराखाली उभे राहिले की शेजारच्या फुलवाल्याकडचा मोगऱ्याचा वास आणि पलीकडच्या मसाल्याच्या दुकानातला वास एकदमच येतो. अशा जागी घाई करू नये.

वहिनींच्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या दुकानांपुढे पादचाऱ्यांसाठी छताखालच्या ओसऱ्या आहेत. मलय भाषेत त्यांना ‘काकी लिमा’, म्हणजे ‘पाच फूट’ म्हणतात. ऊन-पावसापासून त्या वाचवतात खऱ्या, पण प्रत्येक घराची ओसरी निराळ्या उंचीवर असते, मध्येच एखादी पायरी किंवा उघडे गटार येते आणि नजर वर नक्षीकडे असताना पाय मुरगळतो. तिथे खाली पाहूनच चालावे, आणि दमल्यास सायकल-रिक्षा करावी, मात्र भाडे आधी ठरवून.

केक लोक सी हे भव्य बौद्ध मंदिर आणि पेनांग हिलची केबल रेल्वे यांची नावे आपल्याला सगळेच सुचवतील. दोन्ही ठिकाणे शहराबाहेर एअर इतामच्या बाजूला आहेत. मी स्वतः एकदा दुपारनंतर तिकडे गेलो, परतताना धो-धो पावसात वाहने जागच्या जागी थांबली आणि धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जहाजात चढण्याची मुदत संपायला जेमतेम दहा मिनिटे उरली होती. त्या तासाभरात जीव टांगणीला लागला होता. मंदिरात पायऱ्याही पुष्कळ आहेत. जायचेच असेल तर सर्वप्रथम जा आणि दुपारी शहरात परत या.

जेवणासाठी लिटल इंडियातली दक्षिण भारतीय शाकाहारी उपाहारगृहे सोयीची आहेत; केळीच्या पानावर भात, सांबार, भाज्या मिळतात. इतरत्र केवळ ‘भाजी’ म्हणून मागवल्यास तिच्यात ‘बेलाचान’, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असू शकते, तेव्हा हा शब्द लक्षात ठेवून आधी विचारा.

सुटण्याच्या वेळेच्या बरेच आधी जहाजाची दारे बंद होतात. जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात छापलेली चढण्याची अखेरची वेळच खरी मानावी. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच असली तरी फुकेत एक तास मागे आहे. मोबाइल तिथली वेळ आपोआप दाखवू लागतो, जहाज मात्र कधी आपलीच वेळ चालू ठेवते, म्हणून उतरण्यापूर्वी कर्मचाऱ्यांना विचारून मनगटी घड्याळ लावून घ्यावे. फुकेतला अनेक जहाजे नांगर टाकून छोट्या बोटींनी प्रवाशांना किनाऱ्यावर नेतात. त्या चढउतारासाठी वहिनींना मदत लागेल, हे आदल्या दिवशीच कळवावे. शिवाय आपण सिंगापूरला परत येणार असल्याने तिथला व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे, याची खात्री घरून निघण्यापूर्वीच करून घ्या.