लोकलमध्ये गाणाऱ्यांना तुम्ही पैसे देता का? काही लक्षात राहिलेला अनुभव?

देतो, पण सगळ्यांना नाही. फरशीचे दोन तुकडे बोटांत वाजवत फिरणाऱ्या पोरांना पैसे देत नाही, पिशवीत असला तर बिस्किटाचा पुडा देतो. स्पीकरवर मूळ गाणं लावून नुसते ओठ हलवणाऱ्यांनाही नाही.

मी डोंबिवलीचा. सकाळच्या फास्टमध्ये यांच्यापैकी कोणी चढत नाही, चढणार कुठे? पाय ठेवायला जागा नसते. त्या वेळचं संगीत म्हणजे भजनी मंडळ: टाळ, ढोलकी आणि डब्याच्या पत्र्यावर पडणारी थाप. त्यांना कोणी पैसे देत नाही, उलट एकादशीला तेच आपल्याला प्रसाद देतात. आवाज दोघांचाही तेवढाच असतो. पण भजनाला 'त्रास' म्हणायची हिंमत फार थोड्यांना होते, आंधळ्या गायकाला मात्र कोणीही म्हणतं, "ओ, पुढे चला."

गाणारे भेटायला लागले ते माझी दुपारची शिफ्ट लागल्यावर. अकरानंतरच्या गाडीत एक काका-काकू यायचे. काकांना दिसत नव्हतं. गळ्यात पट्ट्याने अडकवलेली छोटी पेटी, आणि काकूंच्या हातात खंजिरी आणि स्टीलचा डबा. जुनी हिंदी गाणी, मधूनच एखादा अभंग. काकांचा आवाज फार गोड होता असं नाही म्हणणार, पण सूर पक्का.

डोंबिवली सुटली की ते सुरू करायचे आणि ठाण्याच्या अलीकडे असलेल्या पारसिकच्या बोगद्याच्या तोंडाशी, बरोब्बर समेवर थांबायचे. (तेव्हा फास्ट गाड्या त्या १९१६ सालच्या बोगद्यातूनच जायच्या.) मला वाटायचं, बोगद्यात खडखडाटामुळे काही ऐकू जात नाही म्हणून थांबत असतील. ते कारण होतंच. पण बोगद्यात मोबाइलची रेंजही जायची. फोनवर बोलणारा "हॅलो, हॅलो" करून गप्प व्हायचा, खाली गेलेल्या माना वर यायच्या, आणि नेमका तेव्हाच काकूंचा डबा समोर यायचा. सव्वा किलोमीटरच्या त्या अंधारात त्यांची निम्मी कमाई होत असावी.

एकदा तिघांच्या बाकावर चौथा म्हणून कसाबसा टेकलो होतो आणि काका शेजारीच उभे होते. विचारलं, "काका, बोगदा आला हे कळतं कसं?"

"दिवा स्टेशनच्या फाटकाला मोटरमन हॉर्न देतो. तिथून एक कडवं." एवढं सांगून त्यांनीच मला विचारलं, "ठाण्याला आज कुठला प्लॅटफॉर्म?" मी चाट. रोज जातो, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांना उतरायची बाजू आधी माहीत असावी लागायची, कारण प्लॅटफॉर्मवर पोलीस दिसला तर काकू त्यांना दुसऱ्या डब्यात न्यायच्या. १९८९च्या रेल्वे कायद्यातल्या १४४ कलमात परवान्याशिवाय विक्री आणि भीक शेजारी शेजारी आहेत. गाणं यातलं कशात बसतं, याचं उत्तर समोरच्या शिपायाच्या मूडवर.

त्या दिवसापासून मी दहा रुपये सुटे ठेवायला लागलो. दया वगैरे नाही हो. आमच्या ऑफिसात इतक्या मोजून-मापून काम करणारं कोणी नव्हतं, मी धरून.

२०२२ मध्ये नवीन मार्गिका झाल्या आणि फास्ट लोकल बोगद्याऐवजी मुंब्र्यावरून जायला लागल्या. काका-काकूंची जागा गेली. नंतर एकदाच दिसले. काकूंच्या गळ्यात क्यूआर कोडचा पुठ्ठा होता. "आता कुठे थांबता?" म्हटलं, तर काका म्हणाले, "मुंब्र्याच्या पुलावर. पण तिथे रेंज असते, कोणी मान वर करत नाही."

"पण पैसे फोनवर येतात ना," काकू म्हणाल्या, आणि मी फोन काढेपर्यंत ठाणं आलं.